जठर व अन्ननलिकेवरील शस्त्रक्रिया

जठर व अन्ननलिकेवरील शस्त्रक्रिया या शल्यचिकित्सेच्या शाखेत अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग म्हणजे आद्यांत्र यांच्या विकारांवरील शस्त्रोपचारांचा समावेश होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या शस्त्रक्रियांचे सर्वांत मोठे कारण पचनज व्रण हे होते. आम्लनिर्मिती रोखणारी औषधे आली आणि व्रणास कारणीभूत होणाऱ्या जंतूचा शोध लागला, तेव्हा हे कारण झपाट्याने मागे पडले. आज कर्करोग, व्रण फुटणे, आम्ल किंवा अल्क पोटात गेल्याने होणारी इजा, अन्ननलिकेचे स्नायुविकार व तीव्र आम्लप्रतिवाह या कारणांसाठी प्रामुख्याने शस्त्रक्रिया केली जाते.

यांपैकी बऱ्याच शस्त्रक्रियांत पचनमार्गाची रचना कायमची बदलते. त्यामुळे जखम भरून रुग्ण घरी गेला तरी उपचार संपत नाहीत. आहार, जीवनसत्त्वे व तपासणी यांचा पाठपुरावा अनेक वर्षे, काही बाबतींत आयुष्यभर करावा लागतो. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात आणि पुढचे आयुष्य खेड्यात, अशी विभागणी महाराष्ट्रात सर्रास आढळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० पासून चाललेले ग्रामीण आरोग्याचे काम या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे.

रचना

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंमी. लांबीची स्नायुमय नळी असून ती मान, छाती व पोट या तीन प्रदेशांतून जाते. जठर व आतडी यांच्यावर असते तसे पर्युदराचे बाह्य आवरण तिला नसते. हे आवरण टाक्यांना धरून ठेवते आणि जखम लवकर सांधते. त्याच्या अभावी अन्ननलिकेचा जोड आतड्याच्या जोडापेक्षा सहज गळतो. शिवाय हृदय, महारोहिणी, श्वासनलिका व फुप्फुसे तिला खेटून असतात. अन्ननलिकेची शस्त्रक्रिया अवघड का मानली जाते, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

जठर अन्न साठवते, ते आम्ल व पेप्सीन यांच्यात घुसळते आणि निर्गमद्वारातून थोडेथोडे आतड्यात सोडते. जठराच्या पेशी एक विशिष्ट प्रथिनही स्रवतात. त्याच्याशिवाय ब-१२ जीवनसत्त्व आतड्यात शोषले जात नाही. आम्लनिर्मिती व जठराची हालचाल या दोहोंवर व्हेगस या तंत्रिकेचे नियंत्रण असते.

इतिहास

जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेला भाग आतड्याला जोडण्याचे पहिले दोन ज्ञात प्रयत्न फ्रान्समध्ये पेआं यांनी १८७९ मध्ये व पोलिश शल्यचिकित्सक रिडिगियर यांनी १८८० मध्ये केले. दोन्ही रुग्ण वाचले नाहीत. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी जठराच्या कर्करोगाने पीडित स्त्रीवर केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ती स्त्री शस्त्रक्रियेतून सावरली, परंतु रोग पसरलेला असल्याने सुमारे चार महिन्यांनी मरण पावली. तंत्र जिंकले तरी रोग जिंकतोच असे नाही, हे या पहिल्याच यशात दिसून आले. बिलरोथ यांच्या दोन पद्धती (पहिलीत जठर थेट आद्यांत्राला जोडतात, दुसरीत आद्यांत्राचे तोंड बंद करून जठर पुढच्या आतड्याला जोडतात) आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. १८९७ मध्ये झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली.

अन्ननलिकेला आणखी वाट पाहावी लागली. छाती उघडल्यावर फुप्फुस कोलमडते, या अडचणीवर भूलशास्त्राने उपाय शोधल्याशिवाय पुढे जाणे अशक्य होते. १९१३ मध्ये न्यू यॉर्क येथे फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील अन्ननलिकेचा कर्करोग काढला. मानेतील टोक व जठर यांना त्यांनी शरीराबाहेरून रबरी नळीने जोडले आणि ती रुग्ण त्या नळीतून अन्न घेत बारा वर्षांहून अधिक काळ जगली. त्याच वर्षी जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा आवळलेला स्नायू कापण्याची पद्धत सुरू केली. १९४६ मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट व छाती अशा दोन टप्प्यांची पद्धत मांडली, तर १९५६ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून आम्लप्रतिवाह थांबवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

व्रणाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. शिकागो येथे लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ पासून व्हेगस तंत्रिका कापून आम्लनिर्मिती कमी करण्याची पद्धत रूढ केली आणि पुढील तीन दशके हीच व्रणावरील प्रमुख शस्त्रक्रिया राहिली. १९७० च्या दशकात सिमेटिडीन व नंतर ओमेप्राझोल ही औषधे आली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना व्रणाच्या रुग्णांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवता आला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जो विकार शल्यचिकित्सकाच्या टेबलावर जात असे, तो आता बहुधा दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. शल्यचिकित्सेची एक संपूर्ण उपशाखा इतक्या कमी काळात औषधांनी मोडीत काढल्याची उदाहरणे थोडी आहेत.

भारतात या क्षेत्रातील कर्करोग शस्त्रक्रियेचे प्रमुख केंद्र २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईतील परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे आहे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेची सुरुवातही मुंबईतच झाली. सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्यानंतर हे तंत्र जठर व अन्ननलिकेपर्यंत पोहोचले.

जठर व आद्यांत्रावरील शस्त्रक्रिया

व्रण फुटणे ही ग्रामीण भागातील या क्षेत्राची सर्वांत महत्त्वाची तातडीची अवस्था होय. जठराच्या किंवा आद्यांत्राच्या भिंतीला आरपार छिद्र पडून आम्ल व अन्न पोटाच्या पोकळीत सांडते. सुरा खुपसल्यासारखी अचानक वेदना होते, पोट लाकडी फळीसारखे कडक होते आणि रुग्ण हालचाल न करता निपचित पडून राहतो. उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात मध्यपटलाखाली हवेची चंद्रकोर दिसते. काही तासांनंतर वेदना किंचित ओसरल्यासारखी वाटते; ही फसवी सुधारणा अनेकांच्या जिवावर बेतते, कारण त्या काळात पर्युदरशोथ वाढत असतो. शिरेतून द्रव, प्रतिजैविके आणि नाकातून जठरात घातलेली नळी यांनी रुग्णाला स्थिर करून पोट उघडतात किंवा दुर्बिणीतून पाहतात, सांडलेले द्रव्य कोमट लवणजलाने धुऊन काढतात आणि छिद्रावर वपा नावाचा पोटातील चरबीचा पडदा टाक्यांनी बसवतात. ही कृती एखाद्या अनुभवी शल्यचिकित्सकाला साध्या रुग्णालयातही करता येते. तीत निर्णायक ठरतो तो वेळ. पहिल्या काही तासांत आलेला रुग्ण सहसा वाचतो. एक दिवस उलटल्यावर धोका कित्येक पटींनी वाढतो.

हेलिकोबॅक्टरचा संसर्ग, धूम्रपान आणि वेदनाशामक गोळ्या ही व्रण फुटण्याची मुख्य कारणे आहेत. गुडघेदुखी किंवा अंगदुखीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याविना, अनेकदा उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा यात मोठा वाटा आहे. रुग्णाला विचारताना केवळ 'औषध घेता का' असे विचारून भागत नाही, कारण दुकानातून घेतलेल्या 'दुखण्याच्या गोळी'ला अनेक जण औषध मानत नाहीत.

जुनाट व्रणाच्या वणामुळे निर्गमद्वार अरुंद झाल्यास आदल्या दिवशी खाल्लेले अन्न दुसऱ्या दिवशी उलटून पडते. अशा रुग्णाच्या शरीरातील क्षार आधी पूर्ववत करावे लागतात. मगच जठर व आतडे यांच्यात नवा मार्ग जोडतात. रक्तस्रावी व्रणावर आज प्रथम एंडोस्कोपीद्वारे उपचार होतात आणि ते अयशस्वी ठरल्यासच वाहती रोहिणी टाक्याने बांधली जाते.

जठराच्या कर्करोगात गाठीच्या स्थानानुसार अर्धे, पाऊण किंवा संपूर्ण जठर व भोवतालच्या लसीका ग्रंथी काढतात. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रसायनोपचार देण्याची पद्धत आता प्रस्थापित झाली आहे.

अन्ननलिकेवरील शस्त्रक्रिया

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुधा भाकरीचा किंवा चपातीचा घास छातीत अडकणे हे असते. रुग्ण पातळ पदार्थांकडे वळतो आणि काही काळ निभावून नेतो. नळीचा बराच भाग व्यापला जाईपर्यंत लक्षण जाणवत नसल्यामुळे अनेक रुग्ण उशिरा येतात. तंबाखू, मद्य आणि धूरविरहित तंबाखूचे प्रकार ही कारणे सिद्ध झालेली आहेत. महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांत दात घासण्यासाठी वापरली जाणारी मिसरी ही भाजलेली तंबाखूच असते, ही गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेत रोगग्रस्त अन्ननलिका व लसीका ग्रंथी काढून जठराची अरुंद नळी बनवतात आणि ती छातीत किंवा मानेत वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेशी जोडतात. छातीतील जोड गळल्यास जीवघेणा संसर्ग होतो. मानेतील जोड अधिक वेळा गळतो, पण ते गळणे सहसा जीवघेणे नसते. कोणता मार्ग निवडावा यावरील मतभेदाच्या मुळाशी ही देवाणघेवाण आहे. स्वरयंत्राच्या तंत्रिकेला इजा होऊन आवाज बसणे, छातीत लसद्रव साचणे, फुप्फुसदाह आणि पुढे जोड आकसून पुन्हा घास अडकणे हे इतर उपद्रव होत. शस्त्रक्रियेपूर्वी रसायनोपचार व किरणोपचार एकत्र दिल्यास आयुर्मान वाढते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीने दाखवून दिले.

अन्ननलिकेचे खालचे द्वार सैल न होण्याच्या विकारात, म्हणजे अकॅलेशियात, हेलर यांची पद्धत दुर्बिणीतून वापरतात. प्रतिवाहावरील निसेन यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना ढेकर देता येत नाही व पोट फुगते. गुंडाळी किती घट्ट बांधावी, हा अनुभवाचा भाग आहे.

आम्लदाह

शौचालय व फरशी साफ करण्याचे तीव्र आम्ल चुकून किंवा आत्मघाताच्या हेतूने पोटात जाणे हे भारतातील अन्ननलिका व जठर आकसण्याचे मोठे कारण आहे. कॉस्टिक सोड्यासारखे अल्क मुख्यतः अन्ननलिका जाळते. आम्ल मात्र अनेकदा जठराचा निर्गमाकडील भाग अधिक जाळते, त्यामुळे सुरुवातीला गिळता येणाऱ्या रुग्णाला काही आठवड्यांनी उलट्या सुरू होतात. अशा प्रसंगी उलटी करवणे, तसेच लिंबूपाणी किंवा खाण्याचा सोडा पाजणे घातक असते. उलटीने तोच मार्ग दुसऱ्यांदा जळतो आणि परस्परक्रियेतून उष्णता निर्माण होते. रुग्णाला तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालयात नेणे हाच योग्य उपाय होय.

नंतर आकसलेली नळी एंडोस्कोपीने वारंवार रुंदावतात. तोपर्यंत लहान आतड्यात थेट घातलेल्या नळीने पोषण देतात. हे उपाय थकल्यास, वण पक्का झाल्यावर, म्हणजे सामान्यतः सहा महिन्यांनी, मोठ्या आतड्याचा तुकडा वापरून अन्ननलिकेला पर्याय तयार करतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आम्लाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. त्या आदेशाचे तात्कालिक कारण आम्लहल्ले हे असले तरी आम्लप्राशनाच्या प्रतिबंधासही तो तितकाच लागू पडतो. आत्मघाताचा प्रयत्न केलेल्या रुग्णाच्या बाबतीत मानसोपचार हा शस्त्रक्रियेइतकाच आवश्यक भाग असतो. तो वगळल्यास शल्यचिकित्सकाचे श्रम वाया जाण्याचा धोका राहतो.

शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव

तात्कालिक उपद्रवांत रक्तस्राव, फुप्फुसदाह, पायाच्या शिरांत रक्त साकळणे आणि जोड गळणे हे प्रमुख होत. गळती बहुधा पहिल्या आठवड्यात कळते. ताप, वाढलेली नाडी व कारण न सापडणारी अस्वस्थता ही तिची आरंभीची चिन्हे असतात.

दीर्घकालीन उपद्रव संथ असतात आणि म्हणूनच निसटतात. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे डंपिंग. जठराचा साठा व निर्गमद्वाराचा पहारा नाहीसा झाल्याने गोड व द्रवरूप अन्न एकदम आतड्यात उतरते. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ व जुलाब होतात. दुसऱ्या प्रकारात, एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून थरथर व घेरी येते. दुसरा प्रकार मधुमेह किंवा अशक्तपणा समजून चुकीचे उपचार होण्याची शक्यता असते. रुग्णाला साखरपाणी पाजल्यास तो क्षणभर सावरतो, पण चक्र पुन्हा सुरू होते.

यावरील मुख्य उपचार आहाराचा आहे. दिवसातून दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी, गोड चहा, गूळ व शिरा यांवर नियंत्रण, डाळी, अंडी किंवा इतर प्रथिनांवर भर आणि जेवताना पाणी न पिणे हे नियम सांगितले जातात. महाराष्ट्रातील आहारात शेवटचा नियम वाटतो तेवढा सोपा नाही. आमटीत किंवा ताकात भाकरी कुस्करून खाण्याची सवय असलेल्या माणसाला घट्ट पिठले किंवा उसळीबरोबर भाकरी खाऊन अर्ध्या तासाने ताक घ्यावे, असे नेमके सांगावे लागते. याउलट अन्ननलिकेचा जोड आकसलेल्या रुग्णाला कुस्करलेली मऊ भाकरीच सोयीची असते. एकच छापील आहारपत्रक दोघांच्या हाती पडले, तर एकाचे तरी नुकसान होते.

पोषणविषयक न्यूनता हा दुसरा गट. लोह नीट न शोषल्याने पांडुरोग, तर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या अभावी हाडांचा ठिसूळपणा उद्भवतो. संपूर्ण जठर काढलेल्या प्रत्येक रुग्णाला ब-१२ जन्मभर द्यावे लागते, सामान्यतः इंजेक्शनाद्वारे. यकृतातील साठा सहसा काही वर्षे पुरतो. त्यामुळे मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विस्मरण ही लक्षणे दिसतात तेव्हा शस्त्रक्रिया विस्मृतीत गेलेली असते आणि उशीर झाल्यास तंत्रिकांची हानी भरून निघत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांतून पुण्याजवळच्या खेड्यांतील स्त्रियांतही ब-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली आहे. ज्या समाजात मूळ साठाच तुटपुंजा आहे, तेथे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील 'काही वर्षे' गृहीत धरणे धोक्याचे आहे.

यांशिवाय पित्त उलट वाहून जठराचा दाह, व्हेगस कापल्यानंतरचे जुलाब व पित्तखडे आढळतात. अर्धे जठर काढल्यानंतर १५ ते २० वर्षांनी उरलेल्या भागात कर्करोग उद्भवू शकतो. १९७० व १९८० च्या दशकांत व्रणासाठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आज वृद्ध आहेत. त्यांच्या पोटावरील जुना उभा वण पाहून चौकशी करणे हे वैद्यकीय विद्यार्थ्याने लावून घ्यावे अशा सवयींपैकी आहे.

जामखेड आणि ग्रामीण पाठपुरावा

जामखेड तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. जिल्ह्याचे ठिकाण तेथून सुमारे ७५ किमी. अंतरावर आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने वेल्लूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतले, याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले आणि अमेरिकेतील पुढील प्रशिक्षणानंतर १९७० मध्ये जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकसहभागातून आरोग्य या विषयावरील ग्रंथात जामखेडचा समावेश होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये, तर रजनीकांत आरोळे यांचे २०११ मध्ये निधन झाले.

प्रकल्पाची ख्याती जठरशस्त्रक्रियेसाठी नाही. ती बालमृत्यू, कुपोषण, प्रसूती व कुष्ठरोग यांवरील कामासाठी आहे. प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध कामाच्या रचनेतून येतो. गावाने निवडलेली, बहुधा अल्पशिक्षित किंवा निरक्षर स्त्री प्रशिक्षण घेऊन गावात आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम करते, फिरते पथक गावांना भेट देते आणि जामखेड येथे शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय आहे. फुटलेल्या व्रणात पोट फळीसारखे कडक झाले आहे, हे ओळखायला यंत्र लागत नाही. जुलाबाची किंवा 'गॅसची' गोळी देऊन रात्र काढण्याऐवजी रुग्णाला त्याच तासाला हलवण्याचा निर्णय गावातच व्हावा लागतो. घास अडकण्याची तक्रार महिना-दोन महिने टिकली, तर एंडोस्कोपीसाठी पाठवणे हेही याच पातळीवरचे काम होय. केंद्र शासनाने २००५ मध्ये सुरू केलेल्या आशा योजनेत गावपातळीवरील कार्यकर्तीची ही संकल्पना देशभर विस्तारली, मात्र आशांचे प्रशिक्षण मुख्यतः माता व बाल आरोग्याभोवती केंद्रित राहिले.

खर्चाच्या बाजूने, २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव दिलेल्या राज्य योजनेत जठर व आतड्यांच्या शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. आरंभीच्या यादीत १२१ पाठपुरावा सेवाही होत्या. तथापि पाठपुरावा सेवेची मुदत ठरलेली असते आणि ब-१२ ची गरज जन्मभराची असते. मुदतीनंतरचे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा स्वखर्चाने घ्यावे लागते.

जामखेड, पाथर्डी व शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या, दिवसातून सहा वेळा खाण्याचा सल्ला मिळालेल्या रुग्णाचे वेळापत्रक या सहा महिन्यांत कोलमडते. उसाच्या फडात सर्वांत सहज मिळणारे पदार्थ म्हणजे गोड चहा आणि ऊस, आणि डंपिंगच्या रुग्णास वर्ज्य असलेल्या पदार्थांत हेच दोन अग्रक्रमाने येतात. अशा रुग्णाला स्थलांतरापूर्वी इंजेक्शन देणे, शस्त्रक्रियेचा तपशील असलेले मराठी कार्ड सोबत देणे आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राचे नाव त्यावर लिहिणे एवढी व्यवस्था पुरेशी असते. कार्डावर काढलेला भाग, जोडाचा प्रकार, शस्त्रक्रियेची तारीख व पुढील इंजेक्शनाचा महिना या चार नोंदी असाव्यात. पोट दुखू लागल्यास तपासणाऱ्या अनोळखी डॉक्टरलाही प्रथम याच नोंदींची गरज भासते.